भोपळ्याची साक्ष

वैजयंती पाटसकरला प्रोग्रामिंगमधलं ओ का ठो कळत नव्हतं. हे ती स्वतःच आधी सांगून टाकायची, म्हणजे समोरच्याच्या अपेक्षा आपोआप जमिनीवर यायच्या. कराडच्या आयटीआयमध्ये तिने उभा जन्म मुलींना कटिंग-टेलरिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ती ‘ओसरी’त गेली, आणि तेही बिनपगारी. शेजारच्या देसाई वहिनी म्हणाल्या, “लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे बाई तुम्हाला.”

ओसरी ही एक ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे यंत्राचा घरकारभार बघणारी. कानातली यंत्रं, आपोआप चालणाऱ्या खुर्च्या, कृत्रिम हात, बोलणं गेलेल्यांसाठी डोक्यावर बांधायचे बोलके पट्टे अशा अंगावर वागवायच्या उपकरणांत ती बसवलेली असे. तिला मालक नव्हता. तिचा कोड उघडा होता. कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. जगभरातली हजारो माणसं आपापली कामं सांभाळून ती बांधत होती. पण नुसत्या प्रोग्रामरांनी भागत नाही. ब्लाउज हँगरवर कितीही सुरेख दिसला तरी काखेत काचतो की नाही हे घालणारीच सांगते. वैजयंती ते काचणं सांगायचं काम करायची. मराठीतून आलेल्या तक्रारी वाचायच्या, आपल्या यंत्रावर तसंच होतंय का बघायचं, आणि होत असेल तर दुजोरा द्यायचा.

ओसरीत एक म्हण पडून गेली होती: एकाला दिसला तर भास, दोघांना दिसला तर दोष. दुजोरा मिळाल्याशिवाय प्रोग्रामर तक्रारीला हात लावत नसत. आणि ज्याने दुजोरा दिला त्यानेच पुढे दुरुस्ती स्वतःच्या यंत्रावर चालवून ‘तपासलं, ठीक’ असं लिहायचं. ते लिहिलं की मगच नवी आवृत्ती त्या भाषेच्या घरांत जायची. मराठी गटात नावं पुष्कळ होती. पण घरात खरोखर पट्टा वापरणारं माणूस आहे आणि लिहायलाही बसते, अशी वैजयंती एकटीच होती.

पट्टा तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर होता. भास्कर पाटसकर एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. कराडात त्याला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे सगळे. निवृत्तीनंतर लगेचच त्याला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलायचं ठरवणारा मेंदू शाबूत आहे, जिभेपर्यंतचा रस्ता तेवढा खचलाय. अशा माणसांसाठीच तो पट्टा होता.

आपण एखादा शब्द बोलायचं मनात आणलं की मेंदूत विजेच्या अतिशय क्षीण लहरी उठतात. पट्टा कवटीच्या बाहेरून त्या टिपतो. पण कवटीबाहेरून ऐकणं म्हणजे बंद दाराआडून शेजाऱ्यांचं भांडण ऐकणं. काही शब्द कळतात, काही आपल्या मनाने लावून घ्यावे लागतात. हे लावून घेण्याला ओसरीत ‘अंदाज’ म्हणत. नवऱ्याचं अर्धं वाक्य बायको पुरं करते तसंच ते. अंदाज बांधायला पट्टा त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावर शिकवलेला असे. भास्करच्या घोषणांची रेकॉर्डिंग भरपूर होती, पण घरात तो मुळात मोजकंच बोलणारा. म्हणून चार मराठी घरांत जे बोललं जातं ते ओसरीने वरून भर म्हणून घातलं होतं. पट्ट्यातून शब्द निघे तेव्हा त्यात माणसाचा वाटा किती आणि अंदाजाचा किती, हे एका आकड्यावर ठरे. आकडा वर ठेवला की माणूस बोलायचा, पण फार सावकाश. खाली आणला की बोलणं झरझर यायचं.

सुरुवातीला आकडा वर होता. भास्कर दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलायचा. वैजयंतीने काही विचारावं, वाट बघावी, कंटाळून स्वयंपाकघरात जावं, आणि मग पाठीमागून त्याचा तो स्टँडवरचा भारदस्त आवाज यावा: “पंखा.” नाहीतर जेवण संपून ताट उचलल्यावर: “अळणी.” त्या शब्दाने तिचं डोकं फिरायचं. आजारपणातही या माणसाला आमटीत मीठच दिसतं, असं ती देसाई वहिनींना सांगायची.

तेव्हा तिला राग तरी यायचा.

त्या दिवसांत एक गोष्ट घडली, आणि सगळं तिच्यापासून सुरू झालं. पाटसकरांच्या घरी अबोल्याचे दोन प्रकार होते. एक निरोपाचा. भास्कर रागावला की थेट बोलायचा नाही, वैजयंतीला म्हणायचा, “तिला सांग, दिवा घालव.” मुलगी, केतकी, तिथेच दोन हातांवर बसलेली असायची. तीही म्हणायची, “त्यांना सांग, घालवते.” वैजयंती मध्ये उभी राहून निरोप पोचवायची, आणि दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर यायची. दुसरा प्रकार मुका. तो एकदाच झाला. केतकीने घरात न सांगता कोर्टात लग्न केलं आणि नाशिकला गेली, तेव्हापासून भास्करने तिचं नाव टाकलं. निरोपसुद्धा बंद. सहा वर्षं झाली होती.

झटक्यानंतर केतकी दर रविवारी फोन करायला लागली. वैजयंती फोन भास्करच्या कानाशी धरायची. केतकी “बाबा” म्हणायची आणि थांबायची. पट्ट्यातून शब्द यायचा नाही. केतकी थोडं रडायची आणि फोन ठेवायची.

वैजयंतीने हे ओसरीत नोंदवलं. मन लावून, उदाहरणासकट लिहिलं. ‘मुलीशी बोलताना पट्टा शब्द देत नाही. फार मोठी गॅप पडते. समोरचं माणूस कंटाळून फोन ठेवतं. गॅप कमी करावी.’ तिला वाटलं, यंत्र हळू आहे. नवरा रागावलेला आहे हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण इतकं झाल्यावर, अंग अर्धं गेल्यावर, कोण धरून बसतं?

तक्रारीला भराभर दुजोरे आले. बंगालीतून आला, पोर्तुगीजमधून आला, कोरियनमधून आला. सगळीकडची माणसं आपापल्या कुणाशी तरी फोनवर गप्प होती. नवी आवृत्ती निघाली. तिच्यात आकडा खाली आणला होता, आणि वर अशी सोय होती की माणूस थोडा वेळ थांबला की अंदाज पुढे होऊन जागा भरून काढील.

पुढच्या रविवारी केतकी “बाबा” म्हणाली, आणि पट्टा लगेच म्हणाला, “केतकी बाळा, जेवलीस का?”

केतकी हमसून हमसून रडली. मग दर रविवारी गप्पा होऊ लागल्या. बाबा जावयाची चौकशी करू लागले, नातवाला गाड्यांच्या घोषणा करून दाखवू लागले. एकदा तर म्हणाले, “झालं गेलं विसरून जा.” देसाई वहिनी म्हणाल्या, आजारपणात माणूस मऊ होतो. सगळेच तसं म्हणाले. ओसरीत वैजयंतीच्या नावापुढे कुणीतरी फुलाचं चित्र टाकलं.

आणि वैजयंतीला काही वाटेनासं झालं.

एकदम नाही झालं ते. आधी वाटलं, थकवा असेल. सकाळी चहाचा कप त्याच्या ओठाला लावला की आवाज यायचा, “चहा छान झालाय, वैजू.” चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ऐकायला ती तरसली होती, आणि आता ऐकताना तिच्या आत काही हलायचं नाही. ती कप विसळायची. तो म्हणायचा, “तू दमली असशील, बस जरा.” ती बसायची. त्याचे डोळे तिच्याकडे लागलेले असायचे, ओला डावा डोळा जास्त. तिला त्या नजरेचंही काही वाटायचं नाही. तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बी-बारा दिलं. गोळ्या संपल्या. आपण दगड झालो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि मग त्याचंही काही वाटेना.

असं वर्ष-दीड वर्ष गेल्यावर परभणीची तक्रार आली. उद्धव लोखंडे नावाच्या माणसाने फोनवरून लिहिली होती, विरामचिन्हं न देता. ‘आमच्या आईला पट्टा होता सकाळी विचारलं आई कशी आहेस तर म्हणाली मी बरी आहे तू जेवलास का मी शेतावर गेलो दुपारी बायकोने विचारलं तर म्हणाली मी बरी आहे हात लावला तर अंग गार डॉक्टर म्हणाले सकाळीच गेली आहे आम्ही पट्टा काढून उशीवर ठेवला तर उशीवरून पण म्हणाली तू जेवलास का कृपया लवकर बघावे दुसऱ्या कोणाचे असे होऊ नये.’

वैजयंतीने ते वाचलं. नियमाप्रमाणे खाली लिहिलं, ‘तक्रार मिळाली. तपासून कळवते.’ मग दोन दिवस तपासलं नाही. कपाटं आवरली.

तिसऱ्या दिवशी तन्वीरचा फोन आला. तन्वीर इनामदार हा मूळचा सांगलीचा, तैवानमध्ये नोकरी करणारा आणि फावल्या वेळात ओसरीच्या मराठी गटाचा कोड बघणारा.

“काकू, परभणीचं बघितलंत?”

“बघितलं. उशी ओली असेल रे. घाम, नाहीतर पाणी सांडलं असेल.”

“तेच तर. ओल असली आणि जवळ विजेची वायर असली की पट्ट्याला कसलीतरी लहर सापडते. पूर्वी आपण ती फेकून द्यायचो, आकडा वर होता. आता तेवढीच खूण पुरते. बाकी सगळं अंदाज बोलतो. निदान मला तसं वाटतंय. एकाला वाटून उपयोग नाही. तुम्ही करून बघाल का? डोक्याएवढं, ओलसर, जिवंत नसलेलं काहीही चालेल.”

घरात लाल भोपळा होता. घारग्यांसाठी अर्धा चिरला होता, उरलेला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. वैजयंतीने भास्करला गॅलरीत उन्हाला बसवलं, डोक्यावरचा पट्टा उतरवला, केसांवरून ओला नॅपकिन फिरवला. ऊन लागलं की त्याला डुलकी यायची. तशी ती आली. मग तिने पट्टा स्वयंपाकघरात नेला, फडकं मिठाच्या पाण्यात बुडवून भोपळ्यावर बसवलं आणि वरून पट्टा आवळला. मिक्सरचं बटण चालू केलं, म्हणजे वायर जिवंत राहील. स्वतः समोर स्टुलावर बसली. हसू यायला हवं होतं. भोपळ्याला टोपी घातल्यासारखं दिसत होतं.

थोडा वेळ काही झालं नाही. तिने सुटकेचा श्वास टाकला.

“वैजू,” भोपळा म्हणाला. “दमलीस का?”

आवाज भास्करचा होता. ती तशीच बसून राहिली.

“चहा छान झाला होता.”

गॅसवर काही नव्हतं. सिंकमध्ये कप विसळून पालथा घातलेला होता.

“मी बरा आहे. तू जेवलीस का?”

“हो, मघाशीच,” वैजयंती म्हणाली.

म्हणाल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. भोपळ्याला उत्तर दिलं. सवयीने दिलं, जसं वर्ष-दीड वर्ष देत आली होती, त्याच आवाजात, तितक्याच कोरडेपणाने. या क्षणी माणसाला भीती वाटते, किंवा तो ओरडतो, किंवा पट्टा उचलून भिंतीवर मारतो. वैजयंतीने मिक्सर बंद केला. फडकं पिळून वाळत घातलं. तिला एवढंच समजलं की आपण दगड झालो नव्हतो. समोर कुणी नव्हतं, म्हणून काही वाटत नव्हतं.

दुसरी गोष्ट तिच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. ती भास्करला पेज भरवत होती. पट्टा पुन्हा त्याच्या डोक्यावर होता. भास्करने तोंड वाकडं केलं, डोळे तिच्या डोळ्यांत रोवले, आणि त्याच्या कपाळावरची शीर फुगायला लागली. तो काहीतरी जमवत होता. जुन्या दिवसांत असा एक शब्द जमवायला त्याला कितीतरी वेळ लागायचा. इतक्यात पट्टा म्हणाला, “छान झालीय पेज, वैजू.” आणि भास्करची शीर उतरली. त्याने डोळे मिटून घेतले.

नवी आवृत्ती आल्यापासून तो एकदाही “अळणी” म्हणाला नव्हता. तिने पेज चाखून बघितली. मीठ घालायचंच राहिलं होतं.

तिने दुजोरा लिहिला. ‘मलाही असंच दिसलं. कशावर चाचणी केली: भोपळा.’ तैवानहून तन्वीरचा फोन लगेच आला.

“काकू, आकडा वर नेतो, जागा भरणं बंद करतो. फार अवघड नाही. पण सगळ्या घरांतले पट्टे गप्प होतील. लोक चिडतील.”

“चिडू देत.”

“तुमच्या घरी पण—” त्याने वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, “जुनी आवृत्ती हवी असेल तर ठेवता येते. ओसरीत कुणावर बळजबरी नाही. नवी दुसऱ्या कुणीतरी तपासली तरी चालेल.”

“दुसरं कोण आहे?”

दुसरं कुणी नव्हतं.

“एक लिहून घे,” वैजयंती म्हणाली. “नुसतं गप्प करू नकोस. जागा भरू नका, पण माणूस आहे एवढं दाखवा. पट्ट्यावर एक छोटा दिवा ठेव. आपल्या आवाजाला त्याच्या मेंदूने स्वतःहून साथ दिली तर लागेल, नाहीतर विझेल. भोपळ्यावर लागता कामा नये.”

“दिवा होईल काकू,” तन्वीर म्हणाला. “हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

केतकीला सांगणं तेवढं राहिलं. वैजयंतीने रविवारची वाट बघितली नाही. दुपारी फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, परभणीसकट, भोपळ्यासकट. केतकीने आधी एकच विचारलं.

“म्हणजे ‘झालं गेलं विसरून जा’ पण?”

“ते कुणाच्या तरी घरचं आहे. आपल्या घरचं नाही.”

“तुला काय गरज होती गं बघायची?” केतकीचा आवाज चिरकला. “मला चालत होतं. मला भोपळा चालला असता, आई. सहा वर्षं मी भिंतीशी बोलले, त्यापेक्षा भोपळा बरा. आणि आमचा अथर्व? त्याला काय सांगू, आजोबा कधी बोललेच नाहीत?”

“मला कळतंय.”

“तुला काही कळत नाही. तुला काही वाटतच नाही. वर्षभर बघतेय मी, बातम्या सांगितल्यासारखी बोलतेस. जुनं ठेवता येतं ना? तू म्हणालीस ना, बळजबरी नाही?”

“बळजबरी नाही.”

“मग ठेव. बाकीच्यांना नवं दे. आपल्याकडे जुनं ठेव.”

हेच वैजयंतीने स्वतःशी दोन दिवस बोलून बघितलं होतं. ते बोलणं सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं.

“केतकी,” ती म्हणाली, “तो आत आहे. शब्द जमवतो आणि जमत आला की हा मध्ये बोलतो. वर्षभर मी त्याच्या तोंडावर हात ठेवून बसलेय, बाळा. तो चिडला असेल, उपाशी असेल, काय असेल ते मला माहीत नाही. मी आमटी अळणी करत होते आणि मला माहीत नव्हतं.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

नवी आवृत्ती तन्वीरने चार-आठ दिवसांत पाठवली. वैजयंतीने आधी ती भोपळ्यावर चालवायला घेतली. तोवर जुना भोपळा संपला होता, नवा आणावा लागला. भोपळा गप्प बसला. दिवा लागला नाही. तिने कितीतरी वेळ त्याच्याशी बोलून बघितलं, मिक्सर फिरवला, फडकं पुन्हा भिजवलं. काही नाही. मग पट्टा भास्करच्या डोक्यावर चढवला.

“अहो,” ती म्हणाली.

कानामागे हिरवा दिवा लागला. मुगाएवढा. तो विझला नाही.

त्यानंतर घरात शांतता पसरली. सकाळचा चहा कुणी छान म्हटला नाही. दिवस गेला, दुसरा गेला. दिवा लागायचा, शब्द यायचा नाही. त्याने सोडून दिलं असेल, तिला वाटलं. इतके दिवस कुणी मध्ये तोडत राहिलं तर कोणीही बोलायचा नाद सोडील. इतर भाषांच्या घरांत नवी आवृत्ती पोचली होती, आणि ओसरीच्या पानावर तिकडचे लोक चिडून लिहीत होते. बंगालीतून एका बाईने लिहिलं, ‘आमचे हे पुन्हा गेले.’ खाली दुरुस्ती तपासणाऱ्याची जागा रिकामी होती. मराठीची आवृत्ती तिच्या दोन शब्दांसाठी अडली होती, आणि तिला ते लिहिता येत नव्हते. गप्प बसलेलं यंत्र ठीक आहे की बिघडलंय, हे ती कशावरून सांगणार?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ती सुईत दोरा ओवत होती. पाठीमागून आवाज आला. “पंखा.”

ती उठली, पंखा लावला, पुन्हा येऊन बसली. दोरा ओवता येईना.

रविवारी फोन वाजला. केतकी फोन करील असं तिला वाटलं नव्हतं.

“काही बोलले?” केतकीने विचारलं. आवाज रुक्ष होता.

“पंखा म्हणाले.”

“बस?”

“बस.”

केतकी म्हणाली, “धर त्यांच्या कानाशी.”

वैजयंतीने स्पीकर लावला आणि भास्करच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसली. केतकी म्हणाली, “बाबा.”

दिवा लागला. नेहमीपेक्षा ठळक लागला. भास्करने मान भिंतीकडे वळवली.

कुणी काही बोललं नाही. जुन्या आवृत्तीत एव्हाना जेवणखाण, नातू, हवापाणी सगळं विचारून झालं असतं. वैजयंतीला वाटलं, आपणच काहीतरी बोलावं, “ऐकतायत हं ते” असं तरी म्हणावं. तिने ओठ मिटून घेतले. पंखा फिरत होता.

“दिवा लागलाय?” केतकीने हळूच विचारलं.

“लागलाय.”

“माझा आवाज कळतोय त्यांना?”

“कळतोय. भिंतीकडे तोंड केलंय.”

मग केतकी म्हणाली, “म्हणजे अजून रागावलेत.”

“हो,” वैजयंती म्हणाली.

केतकी हसली की रडली ते नीट कळलं नाही. “मग आहेत ते,” ती म्हणाली. फोन तिने ठेवला नाही. अथर्वचा कसलातरी आवाज आला, तिने त्याला गप्प केलं. सगळे तसेच बसून राहिले. भास्करच्या कपाळावरची शीर हळूहळू फुगायला लागली. वैजयंती तिच्याकडे बघत राहिली. मध्ये कुणी बोललं नाही.

“तिला,” पट्टा म्हणाला.

वैजयंती हलली नाही. खूप वेळ गेला. शीर उतरली, पुन्हा चढली.

“विचार.”

केतकीचा श्वास ऐकू येत होता, इतकी ती फोनला चिकटून होती. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. भास्करचा डावा डोळा भिंतीवर खिळलेला होता आणि त्यातून पाणी गालावर उतरत होतं.

“जेवली?”

फोनचा स्पीकर चालू होता. केतकीने ते सगळं आपल्या कानांनी ऐकलं होतं. तरी ती काही बोलली नाही, थांबून राहिली. ही रीत तिला लहानपणापासून पाठ होती.

“केतकी,” वैजयंती म्हणाली, “बाबा विचारतायत, जेवलीस का?”

“त्यांना सांग,” केतकी म्हणाली, “अजून नाही. आता बसते.”

“अहो, ती म्हणतेय, अजून नाही. आता बसते.”

भास्करने मान भिंतीकडेच ठेवली. दिवा चालू होता.

वैजयंती उठायला गेली तर पाय जागचा हलेना. मांडी घालून बसल्याने तो बधिर झाला होता. ती खुर्चीला धरून उभी राहिली आणि पायात मुंग्या सुरू झाल्या. एकेक नस जागी होत होती आणि प्रत्येक नस दुखत होती. तिने दात आवळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते काही पायामुळे नव्हतं. ते तिने पुसलं नाही.

लंगडत ती टेबलाशी गेली आणि ओसरीचं पान उघडलं. दुरुस्ती तपासणाऱ्याच्या रिकाम्या जागेत तिने लिहिलं: ‘तपासलं, ठीक. गॅप फार मोठी पडते. तशीच ठेवा.’